छेदात कोण बसलंय? ठाणे जिल्ह्यातली आरोग्यसेवा मोजायला निघालेल्यांसाठी

शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर एखाद्या बाईला कळा सुरू होतात. उपकेंद्रातून पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, पीएचसीतून शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय. तिथे रक्तदाब फार वाढलेला दिसतो, म्हणून १०८ ची रुग्णवाहिका बोलावून तिला पुढे ठाणे शहरातल्या कळव्याला धाडतात. बाळ कळव्यात जन्मतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा सांगतो की जन्म जिथे झाला तिथे नोंदवायचा, त्यामुळे ही नोंद ठाणे महापालिकेच्या दप्तरात जाते. नऊ महिने तपासणी केली शहापूरच्या आरोग्यसेविकेने, लोहाच्या गोळ्या घरपोच दिल्या आशाताईने, आणि बाळंतपण जमा झालं ठाण्याच्या खात्यावर. महिनाअखेरीस कुणी तालुकावार तक्ता काढून ‘शहापूर मागे, ठाणे पुढे’ असं म्हटलं, तर त्याची बेरीज-वजाबाकी बरोबर असते आणि निष्कर्ष साफ चुकीचा.

माझा पहिला तक्ता अगदी असाच होता. रंगीत, क्रमांक लावलेला, खालच्या तालुक्यांना लाल पट्टी. तो एका बैठकीत दाखवला तेव्हा मागच्या बाकावरून एका आरोग्यसेविकेने विचारलं, “सर, यात माहेरपण धरलंत का?” मला प्रश्नच कळला नाही. तो कळायला पुढे काही महिने लागले. हा लेख त्या महिन्यांतला आहे. सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी, नवे पत्रकार, स्वयंसेवी संस्थांत रुजू झालेली मुलं-मुली यांना एक्सेल येतं, पण सुरुवात कुठून करायची ते कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

पहिली पायरी: कशाच्या बदल्यात काय

कार्यक्षमता म्हणजे हाताशी असलेली माणसं, खाटा, औषधं, पैसा यांतून किती आरोग्यसेवा निघाली, किंवा किती आरोग्य निघालं. या दोन्हींत फरक आहे. ओपीडीत किती केस पेपर फाडले ही सेवा झाली. किती जणांचा रक्तदाब आटोक्यात राहिला हे आरोग्य. पहिलं मोजायला सोपं म्हणून सगळे तेच मोजतात. चालेल, पण तक्त्याच्या मथळ्यात तसं लिहा.

दुसरा प्रश्न असा, की खर्च कोणाच्या खिशातला धरलाय? आलेल्या प्रत्येकाला ‘वर जा’ म्हणून सांगणारा दवाखाना कागदावर फार स्वस्तात चालतो. मुरबाडला रेल्वे नाही. तिथला माणूस एसटीने कल्याणला येतो, तिथून लोकल धरतो, सोबत आलेल्याची मजुरी बुडते. हा खर्च कोणत्याही सरकारी ताळेबंदात येत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्येसुद्धा देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून केला होता. तेव्हा फक्त सरकारी खर्च एका बाजूला आणि सगळ्या लोकसंख्येचं आरोग्य दुसऱ्या बाजूला ठेवलं, तर खासगी दवाखाने भरपूर असलेली वाशी-नेरूळसारखी वस्ती कारण नसताना हुशार दिसते. लोकांनी भरलेल्या बिलांचं श्रेय महापालिकेच्या पैशाला जातं.

म्हणून कामाला हात घालण्याआधी एकच वाक्य लिहून भिंतीला चिकटवा. उदाहरणार्थ, “सरकारी पीएचसींमधल्या मनुष्यबळामागे महिन्याला किती ओपीडी आणि किती बाळंतपणं होतात, ते मला बघायचंय.” तुमचं वाक्य याहून लांब झालं तर प्रश्न दोन आहेत.

दुसरी पायरी: दवाखाना कोणाचा

हे कंटाळवाणं काम आहे आणि एकदाच करावं लागतं. ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत: ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, उल्हासनगर आणि भिवंडी-निजामपूर. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेची. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं राज्याच्या आरोग्य विभागाची, म्हणजे सिव्हिल सर्जनच्या हाताखालची. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं. वाशी, नेरूळ, ऐरोलीची सार्वजनिक रुग्णालयं नवी मुंबई महापालिकेची. कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर कल्याण-डोंबिवलीचं. उल्हासनगरचं सेंट्रल मात्र शहरात असूनही राज्याचं. त्यात कामगार विम्याची रुग्णालयं वेगळी, खासगी वेगळी.

प्रत्येक नावापुढे ‘चालवतो कोण’ असा रकाना करा. पुढे एखाद्या ठिकाणचा आकडा शून्य दिसला की हा रकाना बघायचा. बहुतेक वेळा तिथे सेवा नाही असं नसतं. ती दुसऱ्याच कुणाच्या अहवालात गेलेली असते.

तिसरी पायरी: छेद

लेख इथे रेंगाळणार आहे, कारण चुका इथेच होतात. शाळेत शिकलेला अपूर्णांक आठवा. अंश सगळ्यांना दिसतो, इतकी बाळंतपणं, इतके मृत्यू. छेदाकडे कुणी वळून बघत नाही.

सुरुवात हद्दीपासून. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड हे आठ तालुके तिकडे गेले. इकडे उरले सात: ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड, शहापूर. २०११ च्या जनगणनेत अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती, देशात सगळ्यात जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी (२०१५-१६) २०११ च्या जिल्ह्यांवर बेतलेली होती, म्हणून तिच्यातलं ‘ठाणे’ म्हणजे जव्हार-मोखाड्यासकट ठाणे. पाचव्या फेरीत (२०१९-२१) पालघरचं पत्रक वेगळं आहे. या दोन फेऱ्यांतले ठाण्याचे आकडे शेजारी ठेवून ‘केवढी सुधारणा झाली’ असं म्हणणारे लेख मी वाचलेत. त्यातली काही सुधारणा खरी असेलही. काही मात्र निव्वळ जिल्हा तोडल्यामुळे झालेली आहे.

नवी मुंबईचं दुखणं निराळं. बोलताना आपण ऐरोलीपासून पनवेलपर्यंत सगळ्याला नवी मुंबई म्हणतो. नवी मुंबई महापालिका बेलापूरला संपते. ती ठाणे जिल्ह्यात, तेही ठाणे तालुक्यात मोडते. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे सगळं रायगड जिल्ह्यात, २०१६ पासून पनवेल महापालिकेत. खारघरच्या माणसाला नेरूळ लोकलने काही मिनिटांवर आहे. तो नेरूळच्या ओपीडीत गेला की अंशात येतो, छेदात नसतो. उलट घणसोलीचा रुग्ण कामोठ्याच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात गेला की छेदात राहतो आणि अंशातून गळतो. जिल्ह्याची रेघ हार्बर लाइनला माहीत नाही.

‘ठाणे तालुका’ हेही फसवं एकक आहे. त्यात ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर अशा तीन महापालिका. २०११ मध्ये त्या तिघींची लोकसंख्या मिळून साधारण ३७ लाख ७० हजार भरत होती. त्याच तक्त्यात पुढच्या ओळीत मुरबाड तालुका, दोन लाखांच्या आतला. या दोन ओळींची सरळ तुलना करणं म्हणजे हत्ती आणि शेळीला एकाच तराजूत घालणं.

आणि हे सगळे आकडे २०११ चे. २०२१ ची जनगणना झाली नाही, पुढची २०२७ ची. मधल्या काळात घोडबंदर रोडवर आणि बदलापुरात किती इमारती उभ्या राहिल्या ते सकाळच्या लोकलमध्ये शिरून बघा. अंदाजित लोकसंख्या वापरावी लागेल, ती वापरा, पण कोणती वापरली ते तक्त्याखाली लिहा.

आता माहेरपण. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. डोंबिवलीत राहणारी बाई सातव्या-आठव्या महिन्यात साताऱ्याला किंवा जळगावला जाते. गरोदर म्हणून नोंद डोंबिवलीत, बाळंतपण तिकडे, आणि बाळाच्या पुढच्या लशी पुन्हा इकडे. म्हणून डोंबिवलीसारख्या भागात नोंदलेल्या गरोदर बायका आणि झालेली बाळंतपणं यांचा मेळ बसत नाही. तो बसला नाही म्हणजे घरी बाळंतपणं होतायत असं समजू नका. मी तसं समजलो होतो.

दिवाळीनंतरचं स्थलांतर तर एक्सेलमध्ये दिसतच नाही. शहापूर-मुरबाडकडची कातकरी आणि ठाकर कुटुंबं भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पाड्यावरचं मूल यादीत आहे, पाड्यावर नाही. लसीकरणाची टक्केवारी हिवाळ्यात घसरते. ती आरोग्यसेविकेच्या आळसाने घसरली असं म्हणण्याआधी त्या वर्षी भट्ट्या कधी पेटल्या ते विचारा.

यावर एक चांगला उपाय अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात सापडला होता. जॉन वेनबर्ग आणि ॲलन गिटलसन यांनी १९७३ मध्ये छापलेल्या अभ्यासात सरकारी हद्दी बाजूला ठेवल्या आणि कोणत्या गावचे लोक प्रत्यक्षात कोणत्या रुग्णालयात जातात त्यावरून क्षेत्रं आखली. आपल्याकडे हे लहान प्रमाणात करता येतं, त्याचं शेवटी सांगतो.

चौथी पायरी: आकडे कुठले

एचएमआयएस, म्हणजे आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली, २००८ पासून चालू आहे. सरकारी संस्थांचे महिन्याचे अहवाल त्यात चढतात. खासगी रुग्णालयांची भर अर्धीमुर्धी. तिचं वर्ष एप्रिल ते मार्च, तर जन्म-मृत्यू नोंदणीचं जानेवारी ते डिसेंबर. ही गाठ सोडवल्याशिवाय दोन्हींचा भागाकार करू नका. आणखी एक, रिकामा चौकोन आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकामा म्हणजे कळवलं नाही, शून्य म्हणजे घडलं नाही. सॉफ्टवेअर दोन्हींची बेरीज एकच करतं.

कुटुंब सर्वेक्षण घरोघरी जाऊन केलेलं, म्हणून तिथे माहेर-सासरचा घोळ कमी. पण नमुना लहान. पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांत मिळून ६,३६,६९९ घरं होती, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९००. त्यांत अलीकडे बाळंत झालेल्या बायका एखाद्या जिल्ह्यात शे-दीडशेच निघू शकतात. शंभरांपैकी नव्वद म्हणजे ९० टक्के, पण त्या आकड्याला दोन्ही बाजूंनी सहा-सहा टक्क्यांचा हेलकावा आहे. अशा दोन जिल्ह्यांत ९० आणि ९४ चा फरक दिसला तर गप्प बसावं.

अर्भक मृत्युदराचा विश्वासार्ह आकडा नमुना नोंदणी पद्धतीतून येतो, तोही राज्यापुरता. २०२० साली महाराष्ट्रात हजार जन्मांमागे १६, केरळात ६, मध्य प्रदेशात ४३. तालुक्याचा मृत्युदर कुणी दशांश चिन्हासकट देत असेल तर तो कुठून आणला ते विचारा. वर्षाला ४०० जन्म होणाऱ्या पीएचसीत एका वर्षी ६ बालकं दगावली तर दर १५. पुढच्या वर्षी १० दगावली तर २५. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. तीन-चार वर्षं एकत्र घ्या.

पाचवी पायरी: खाटांचं गणित

नवख्याने हात इथे बसवावा, कारण लागणाऱ्या गोष्टी तीनच: खाटा किती, डिस्चार्ज किती (मृत्यू धरून), आणि आंतररुग्ण-दिवस किती. हा शेवटचा आकडा रोज रात्री बारा वाजता भरलेल्या खाटा मोजून, त्यांची बेरीज करून मिळतो. वॉर्डाच्या सिस्टरच्या रजिस्टरमध्ये तो असतोच.

समजा शहरातल्या एका रुग्णालयात १०० खाटा आहेत. ३० दिवसांत ३,००० खाट-दिवस उपलब्ध. आंतररुग्ण-दिवस २,४००, डिस्चार्ज ६००. खाटा भरलेल्या ८० टक्के. सरासरी मुक्काम २,४०० भागिले ६००, म्हणजे ४ दिवस. एका खाटेवर महिन्यात ६ रुग्ण. आणि दोन रुग्णांच्या मध्ये खाट रिकामी राहते (३,००० वजा २,४००) भागिले ६००, म्हणजे १ दिवस.

आता समजा तालुक्याच्या गावी ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. ९०० खाट-दिवस, आंतररुग्ण-दिवस ३६०, डिस्चार्ज १८०. भरलेल्या ४० टक्के, मुक्काम २ दिवस, खाटेवर महिन्यात ६ रुग्ण, मधली रिकामी वेळ ३ दिवस.

तक्त्यावर नजर टाकणारा म्हणेल, दुसरं रुग्णालय निम्म्याहून जास्त रिकामं, डॉक्टर तिथून हलवा. जरा थांबा. आजारी माणसं सांगून येत नाहीत. रोज सरासरी १२ जण दाखल असतील तर कधी ८ असतात, कधी १८. हा चढउतार ढोबळमानाने सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो, १२ चं वर्गमूळ साधारण साडेतीन. बहुतेक दिवस जागा पुरायला हवी असेल तर सरासरीत वर्गमुळाची दुप्पट मिळवा: १२ अधिक ७, म्हणजे १९ खाटा. मोठ्या रुग्णालयात सरासरी ८०, वर्गमूळ ९, म्हणजे ८० अधिक १८, ९८ खाटा. दोघांनीही रुग्णाला परत न पाठवण्याची सारखीच हमी दिली, पण मोठ्याच्या खाटा ८० टक्क्यांच्या पुढे भरलेल्या दिसतात आणि छोट्याच्या ६३ टक्के. छोट्यावर ८० टक्क्यांची सक्ती केली तर त्याला १५ खाटाच मिळतील, आणि सहा-सात दिवसांतून एकदा कुणाला तरी परत पाठवावं लागेल. रात्री दोनला सर्पदंशाचा रुग्ण आला आणि खाट नाही, तर पुढचं रुग्णालय मुरबाडपासून किती लांब आहे ते नकाशावर बघा.

म्हणजे आपल्या उदाहरणातल्या त्या ग्रामीण रुग्णालयात ११ खाटा खरोखर जास्तीच्या निघाल्या, १८ नव्हे. आता त्या ११ का रिकाम्या ते शोधायचं. भूलतज्ज्ञाचं पद भरलेलं नसेल तर सिझेरियनची बाई थांबणारच कशाला? तसं असेल तर डॉक्टर हलवून उपयोग नाही, एक आणायला हवा.

मुक्काम, उलाढाल (म्हणजे एका खाटेवर किती रुग्ण) आणि भरलेल्या खाटा एकाच आलेखावर मांडायची पद्धत पाबोन लासो या संशोधकाने १९८६ मध्ये मांडली. ती जरूर शिका, पण त्या आलेखाचे जे चार चौकोन पडतात ते एकाच आकाराच्या रुग्णालयांसाठी वापरा.

सहावी पायरी: रुग्ण सारखे आहेत का

थोडक्यात सांगतो. जिथे सगळ्यांनी हात टेकलेले रुग्ण येतात तिथे मृत्यू जास्त होणारच. रेफर होऊन आलेले आणि थेट आलेले रुग्ण वेगळे मोजा. वयोगट वेगळे मोजा. नोकरीसाठी आलेल्या तरुणांनी भरलेली वसाहत आणि म्हातारे आईबाप मागे राहिलेलं गाव यांचे कच्चे मृत्युदर शेजारी ठेवू नका. दोन्हींना एकच वयरचना लावून दर काढा. याला वयप्रमाणित दर म्हणतात.

सातवी पायरी: सीमारेषा

पीएचसी एकापेक्षा जास्त कामं करते. मग कोण पुढे ते कसं ठरवायचं? अर्थतज्ज्ञ मायकेल फॅरेल यांनी १९५७ मध्ये एक विचार मांडला, की आदर्श पुस्तकातून घेऊ नका, आपल्यातल्याच उत्तम कामगिरीची रेघ ओढा आणि बाकीचे तिच्यापासून किती लांब ते मोजा. १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि रोड्स यांनी त्याला गणिती रूप दिलं, तेच डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस, तोंडी भाषेत डीईए.

समजा तीन पीएचसी, प्रत्येकीत दहा माणसं. पहिली महिन्याला १,५०० ओपीडी आणि १० बाळंतपणं करते. दुसरी ९०० आणि ३०. तिसरी १,००० आणि १५. पहिल्या दोघींना जोडणारी रेघ ओढा, ती सीमा. तिसरी त्याच प्रमाणात वाढत त्या रेघेपर्यंत गेली तर १,२४१ ओपीडी आणि साडेअठरा बाळंतपणं होतील. म्हणून तिची कार्यक्षमता १ भागिले १.२४१, साधारण ८१ टक्के.

आकडा छान दिसतो, म्हणूनच धोका आहे. तिसरीचे पाडे डोंगरात विखुरलेले असतील आणि तिची निम्मी माणसं दिवसभर पायपीट करत असतील, तर ती पायपीट या हिशेबात कुठेच नाही. डोंगराळ-आदिवासी भागात पीएचसीमागे २०,००० लोक आणि सपाटीवर ३०,००० असा सरकारी निकष मुळात याच कारणासाठी आहे. दुसरं असं, की एकके (तुलना करायच्या संस्था) थोडी आणि रकाने (मोजायच्या गोष्टी) जास्त झाले तर जवळजवळ प्रत्येक जण १०० टक्के निघतो. रकान्यांच्या निदान तिप्पट एकके असावीत. सात तालुक्यांवर डीईए चालवणं म्हणजे हौस. पीएचसींवर चालवा.

आठवी पायरी: फरक दिसला, पुढे काय

कमी म्हणजे वाईट आणि जास्त म्हणजे चांगलं, ही सवय मोडायची. १९३८ साली ॲलिसन ग्लोव्हर या इंग्लिश डॉक्टरने शाळकरी मुलांच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया मोजल्या. शेजारशेजारच्या भागांत प्रचंड तफावत निघाली, आणि ना हवेने तिचा उलगडा होईना ना गरिबीने. हॉर्नसी नावाच्या भागात १९२९ मध्ये शाळेचा वैद्यकीय अधिकारी बदलला आणि शस्त्रक्रिया एकदम दहाव्या हिश्श्यावर आल्या. मुलं तीच होती.

आपल्याकडे सिझेरियन घ्या. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभरात खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारीत १४.३ टक्के. अवघड बाळंतपणं कळव्यासारख्या सरकारी रुग्णालयांकडेच ढकलली जातात, हे लक्षात ठेवून हे दोन आकडे पुन्हा वाचा.

आणि क्रमवारी लावायचा मोह आवरा. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली १९१ देशांची क्रमवारी लावली, फ्रान्स पहिला, भारत ११२ वा. इतकी टीका झाली की तशी क्रमवारी संघटनेने पुन्हा काढली नाही. तुमच्या तक्त्यात क्रमांकाऐवजी तीन गट करा आणि दोन गटांच्या सीमेवरच्यांपुढे प्रश्नचिन्ह टाका.

आता व्हरमाँटचं. परवानगी काढून एखाद्या सार्वजनिक रुग्णालयात आठवडाभर बसा. नावं उतरवायची नाहीत, फक्त गाव किंवा पिनकोड, आणि रुग्ण थेट आला की पाठवलेला. चारशे-पाचशे नोंदी झाल्या की त्या रुग्णालयाचं खरं क्षेत्र नकाशावर उमटायला लागतं आणि छेद हाती येतो. केस पेपरवरच्या पत्त्यावर मात्र विसंबू नका. लांबून आलेली माणसं ओळखीच्या नातेवाइकाचा पत्ता घालतात, कागदपत्रं सोपी जातात म्हणून. “राहता कुठे” असं विचारलं तर कागदावरचाच पत्ता ऐकायला मिळतो. “सकाळी घरून किती वाजता निघालात, आणि कोणती गाडी धरली?” असं विचारा. कागदावर कळवा असतं, आणि माणूस पहाटे चारला शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीहून निघालेला असतो.